झाडीपट्टीचा ऑर्गन आणि एक तुटका स्क्रू

भाऊबीज झाली की भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांत, म्हणजे झाडीपट्टीत, गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा दंडार, मिठाई-खेळण्यांची दुकाने, घरोघर आलेल्या लेकी-जावयांची वर्दळ, जमलीच तर एखादी सोयरीक. आणि रात्री नाटक. झाडीपट्टीचे नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरहून जवळच असलेल्या वडशात, म्हणजे देसाईगंजात, नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत. तिथे तारखा ठरतात आणि धान कापून मोकळ्या झालेल्या गावांकडे गाड्या निघतात. २०२३ मध्ये झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने या रंगभूमीकडे जरा वळून पाहिले. या लेखाचा विषय मात्र नट किंवा नाटककार नाहीत. रंगमंचासमोर वादकांच्या जागेत ठेवलेला ऑर्गन, आणि त्याच्या लाकडात मोडून अडकलेला इंचभर स्क्रू, हा माझा विषय आहे.

विषय फार लहान वाटेल. पण जुनी पेटी किंवा जुना ऑर्गन अडगळीत कसा जातो ते पाहिले की तो तितकासा लहान राहत नाही. पितळी रीड शंभर वर्षे टिकतात. एखादा सूर उतरला तर तो चढवता येतो, भात्याला नवे कापड-चामडे लावता येते. वाद्य हरते ते सांध्यांत. बिजागरीचा स्क्रू मोडतो, म्हणून झाकण लटकते. लटकलेले झाकण कुणीतरी खिळ्याने ठोकून बसवतो, खिळ्याने फळी चिरते, चिरेतून हवा निसटते, आणि मग वादक म्हणतो की या वाद्यात आता दम राहिला नाही. सुरुवात एका स्क्रूपासून झालेली असते. तो तुकडा वेळीच आणि नीट काढला असता, तर पुढचे काहीच घडले नसते.

हे वाद्य इथवर आले कसे, ते थोडक्यात सांगतो. पॅरिसच्या अलेक्झांडर देबॅं याने १८४० च्या सुमारास हार्मोनियम सिद्ध केला. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या सामानाबरोबर तो हिंदुस्थानात आला. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात त्याला मांडी घालून वाजवता येईल असे हाताच्या भात्याचे रूप दिले, आणि तीच आपली पेटी झाली. ऑर्गन तिचा थोरला भाऊ. हार्मोनियमचा भाता हवा दाबून बाहेर लोटतो, ऑर्गनचा भाता ती आत ओढतो. म्हणून ऑर्गनचा सूर गोल आणि मऊ येतो. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावी १८४६ मध्ये सुरू झालेल्या एस्टी कंपनीने शंभरेक वर्षांत असे पाच लाखांहून अधिक ऑर्गन बनवले. बोस्टनच्या मेसन अँड हॅम्लिनचेही मोठे नाव होते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाने १८८० मध्ये संगीत नाटकाची घडी बसवली. १९१३ मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या भरभराटीत अहमदजान थिरकवाँच्या तबल्याबरोबर ऑर्गन हा रंगमंचाचा अविभाज्य भाग होऊन गेला. पुण्या-मुंबईत संगीत नाटक मागे पडले. झाडीपट्टीत गाणे राहिले, तबला राहिला, ऑर्गनही राहिला. आता जोडीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले आहेत, ते येणारच.

हातपेटीची गोष्ट वेगळी. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली, पण खेड्यातल्या भजनाला या बंदीचा कधी स्पर्शही झाला नाही. पूर्व विदर्भात गुरुदेव सेवा मंडळाची खंजिरी जिथे आहे तिथे पेटी आहे. म्हणजे भंडारा जिल्ह्यात मी ज्या दुरुस्तीबद्दल बोलतो आहे ती नाटक कंपन्यांपुरती मुळीच नाही. ती देवळातल्या कपाटाची, शाळेच्या माडीची, आणि घरात आजोबांनी ठेवून गेलेल्या पेटीचीही आहे.

आता स्क्रूकडे वळू. लाकडाच्या स्क्रूला तीन भाग असतात: डोके, डोक्याखालची गुळगुळीत दांडी, आणि आटे. दांडी जिथे संपते आणि आटे सुरू होतात तिथे धातूचा गाभा एकदम बारीक होतो. पिळताना सगळा ताण तिथेच गोळा होतो आणि मोडतोही तो बहुतेकदा तिथेच. म्हणून डोके हातात येते आणि आट्यांचा भाग लाकडात पृष्ठभागाखाली राहतो. पकडायला काही उरत नाही, खाच पाडायला काही उरत नाही. मिस्त्रीच्या कपाळाला आठ्या पडतात त्या यासाठी.

मोडण्याची कारणे पुष्कळ आहेत. पण आपल्याकडची तीन मला वारंवार दिसतात. पहिले म्हणजे गंज. लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो. स्क्रू आपल्याच भोकात फुगून बसतो आणि लाकडाच्या रेषांत रुततो. परदेशी ऑर्गनमध्ये ओकचे लाकूड असेल तर आणखी एक भर पडते. ओकमध्ये टॅनिन असते. ओल लागली की ते लोखंडाशी भिडते, स्क्रूभोवती काळा डाग उमटतो आणि तिथले लाकूडही कमजोर होते. सागाचे तसे नाही. सागाच्या तेलामुळे त्यात ठोकलेले लोखंड चांगले टिकते. जहाजे बांधणाऱ्यांना साग इतका प्रिय होता त्याचे हेही एक कारण. आपल्या जंगलातले हे झाड वाद्याच्या बाबतीत किती गुणी आहे याची आपल्याला पुरेशी जाणीव नाही.

दुसरे कारण हवामान. लाकूड हवेतली ओल घेते आणि सोडते. हवेत ऐंशी टक्के आर्द्रता असेल तर लाकडात सोळा टक्क्यांच्या आसपास ओल मुरते. आर्द्रता तीस टक्क्यांवर उतरली की ती सहा टक्क्यांवर येते. श्रावणातला भंडारा आणि मे महिन्यातला पंचेचाळीस अंशांचा भंडारा ही एकाच पेटीच्या नशिबी दरवर्षी येणारी दोन टोके आहेत. फळी आडव्या अंगाने फुगते आणि आक्रसते, लांबीत जवळजवळ नाहीच. धातूचा स्क्रू मात्र होता तेवढाच राहतो. उन्हाळ्यात भोक सैल वाटते, म्हणून कुणीतरी स्क्रू आवळतो. पावसाळ्यात लाकूड फुगून त्याला कवटाळते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आवळणी. दर वेळी थोडा पीळ साठत जातो आणि एके दिवशी टक्कन आवाज येतो. नाटकाच्या ऑर्गनला यावर आणखी शिक्षा असते. हिवाळ्यातल्या रात्री उघड्या मंडपात दव, रंगमंचाच्या दिव्यांची धग, आणि पहाटे टेम्पोत चढवून कच्च्या रस्त्याने पुढचे गाव. सर्वांत जास्त ओढाताण पायाच्या पायडलांच्या बिजागऱ्यांची होते, कारण वादक रात्रभर त्यांच्यावरच जोर देत असतो.

तिसरे कारण आपण स्वतः निर्माण केले आहे. हार्डवेअरच्या दुकानात आज जे काळे स्क्रू मिळतात ते मुळात जिप्समच्या पातळ पत्र्यांसाठी केलेले आहेत. त्यांचे पोलाद कडक केलेले असते. ते वाकत नाहीत, मोडतात. सागासारख्या घट्ट लाकडात आधी भोक न पाडता बॅटरीच्या ड्रिलने हा स्क्रू दामटला की डोके सहज तुटते, आणि आत राहतो तो तुकडा इतका कठीण असतो की साधा ड्रिल बिट त्याच्यावरून घसरून बाजूच्या लाकडात घुसतो. शंभर वर्षांच्या वाद्यात शंभर वर्षांचा स्क्रू सहसा अजून शाबूत असतो. मोडलेला सापडतो तो गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या दुरुस्तीचा. हे मी तक्रार म्हणून नव्हे, इशारा म्हणून लिहितो: वाद्याच्या जवळ काळा स्क्रू येऊ देऊ नका.

पितळेचे काय, असे भंडाऱ्याचा माणूस विचारणारच. पितळी भांडी ही या शहराची जुनी ओळख आहे; कासारांच्या पिढ्या इथे नांदल्या. वाद्यात पितळी स्क्रू शोभतो आणि गंजत नाही, हे खरे. पण पितळ मऊ. घट्ट लाकडात ते थेट पिळले तर लोखंडाच्या कितीतरी आधी तुटते. आणि त्याचा एक छुपा शत्रू आहे, जो आपल्या खेड्यांत हमखास सापडतो. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला एक कोडे पडले होते. पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसे कुणी हात न लावता तडकत. पावसाळ्यापुरतेच हे घडे, म्हणून इंग्रजांनी त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव दिले. नेमके कारण १९२१ मध्ये इंग्रज धातुशास्त्रज्ञांनी मांडले: पितळ ताणाखाली असेल, हवेत ओल असेल आणि जनावरांच्या मुतातून निघणारा अमोनिया असेल, तर धातूच्या कणाकणांतल्या सीमांवरून भेगा जातात. आवळलेला स्क्रू म्हणजे सतत ताणाखाली असलेले पितळच. नाटकाचा हंगाम संपला की वाद्य गोठ्याला लागून असलेल्या खोलीत पावसाळाभर पडून राहत असेल, तर त्याच्या पितळी स्क्रूंना तोच धोका आहे. गाईगुरांच्या शेजारी वाद्य ठेवू नये, हा सल्ला मी जुन्या काडतुसांच्या भरवशावर देतो.

आता मूळ प्रश्न: तुकडा काढायचा कसा? जाणता मिस्त्री प्रथम काहीच करत नाही. तो तुटलेले डोके जपून ठेवतो, कारण त्यावरून स्क्रूचा नंबर आणि जाडी कळते. आपल्याकडे दुकानात अजून ‘आठ नंबर, दीड इंच’ असेच मागतात. ही इंग्रजी मापे जुन्या ऑर्गनच्या स्क्रूंनाही लागू पडतात. सहा नंबर म्हणजे साडेतीन मिलिमीटर, आठ नंबर म्हणजे सव्वाचारच्या आसपास. मग तो लहानसा चुंबक लावून आतला तुकडा लोखंडी की पितळी ते पाहतो. दुसऱ्या बाजूने फळीची जाडी मोजतो. तुकडा आरपार गेला असेल तर मागून टोक बाहेर येते आणि ते पकडीत धरून पुढच्याच दिशेने पिळून काढता येते. अर्धे काम तिथेच संपते.

थोडेसे टोक वर दिसत असेल तर कानशीने त्याच्या दोन बाजू सपाट कराव्यात आणि बारीक तोंडाची पक्कड लावावी. पक्कड लावल्यावर लगेच उलटे पिळू नये. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावे, म्हणजे गंजाची पकड सुटते, मग मागे-पुढे करत बाहेर आणावे. तरीही हलत नसेल तर सोल्डरिंगचे तापलेले टोक त्या तुकड्यावर मिनिटभर टेकवावे. धातू तापून फुगतो, भोवतालचे लाकूड किंचित करपते, आणि थंड झाल्यावर स्क्रू सैल पडतो. इथे एक जपायचे: जुन्या वाद्यावर बहुधा चपड्याचे पॉलिश असते, आणि चपडा थोड्या उष्णतेनेच वितळतो. म्हणून भोवती भोक पाडलेला पत्र्याचा तुकडा ठेवावा. हा चपडा येतो तो पळसावरच्या लाखेतून, आणि पळस आपल्याकडे रानोमाळ आहे. पॉलिश बिघडलेच तर ते इथल्याच लाखेने भरून काढता येते.

रॉकेल किंवा गंज सोडवणारे तेल भोकात ओतण्याची मात्र फार वाईट सवय आहे. लोखंडी नटबोल्टात ते ठीक. लाकडात तेल रेषांमध्ये मुरते आणि मग त्या जागी सरस धरत नाही, फेव्हिकॉल धरत नाही, पॉलिशही धरत नाही. स्क्रू सुटतो, पण भोक कायमचे बाद होते. घड्याळदुरुस्तीतली तुरटीची युक्तीही इथे चालत नाही. पितळी पट्टीत मोडलेला पोलादी स्क्रू तुरटीच्या गरम पाण्यात बुडवून ठेवला तर पोलाद हळूहळू विरघळते आणि पितळ जसेच्या तसे राहते; ऑर्गनचा सुटा करता येणारा पितळी भाग असेल तर ती जरूर वापरावी. लाकडाला तुरटीचे पाणी पाजून काहीही साधत नाही.

खरी कसोटी लागते ती तुकडा पृष्ठभागाखाली मोडला असेल तेव्हा. पटाशी घेऊन भोवतालचे लाकूड खणायला सुरुवात करणारा माणूस वाद्याचा वैरी आहे, असे मी ठामपणे म्हणतो. इथे पियानो दुरुस्त करणाऱ्यांनी घडवलेली विद्या कामी येते. पियानोत अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, दोनशेतीसच्या आसपास तारा आणि त्या तारांचा मिळून अठरा-वीस टन ताण. प्रत्येक पट्टीमागे हातोडी आणि तिचा सांधा, शिवाय बहुतेक पट्ट्यांमागे तारेचा आवाज थांबवणारा दट्ट्या. आणि हे सगळे लाकडी भाग लाकडी पट्ट्यांवर बारीक स्क्रूंनी जखडलेले. असे शेकडो स्क्रू एका वाद्यात असतात. ते एका ओळीत, ठरलेल्या अंतरावर असतात, त्यामुळे एक मोडला तर त्याच्या बाजूला नवे भोक पाडून भागत नाही. हातोडी तारेवर वाकडी पडते. तुकडा तिथूनच काढावा लागतो आणि नवा स्क्रू तिथेच बसवावा लागतो. या अडचणीतून पोकळ नळीची करवत कामाला आली.

ही नळी म्हणजे स्क्रूपेक्षा किंचित मोठ्या पोटाची पोलादी नळी, एका टोकाला दाते असलेली. ती तुकड्याच्या भोवती लाकडात उतरवायची. नळीच्या पोटात तुकडा आणि त्याच्याभोवतीचे थोडे लाकूड येते, आणि सगळे एकत्र बाहेर निघते. तयार हत्यार नसेल तर कारखान्यातल्या यंत्रांत वापरतात ती चिरलेली स्प्रिंग पिन घेऊन तिच्या तोंडाला तिकोनी कानशीने चार-पाच दाते पाडले की काम होते. दाते उलट्या फिरण्यात कापतील असे पाडायचे. हीच यातली खुबी आहे. नळी उलटी फिरत असल्यामुळे तिचे घर्षण तुकड्यालाही सोडवण्याच्या दिशेनेच ओढते, आणि पुष्कळदा अर्धी खोली गाठण्याआधीच तुकडा फिरून वर येतो. सरळ फिरवली तर ती त्याला आणखी आत घालील.

नळीला मधोमध टोक नसते, त्यामुळे सुरुवातीला ती पृष्ठभागावर सरकते आणि चहूकडे ओरखडे काढते. म्हणून एका जाड फळकुटाला नळीच्या मापाचे भोक पाडायचे, ते भोक तुकड्यावर बरोबर आणून फळकुट शिकंज्याने जखडायचे आणि त्यातून नळी घालायची. ड्रिल सावकाश चालवायचे. हाताचे असेल तर फारच उत्तम. नळीवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळायची. दर दोन-तीन मिलिमीटरला नळी बाहेर काढून भुसा झटकायचा, नाहीतर ती तापते आणि लाकूड जळते. सहा नंबरच्या स्क्रूसाठी बाहेरून सहा मिलिमीटरची नळी पुरते. म्हणजे शेवटी फळीला सहा मिलिमीटरचे स्वच्छ, गोल भोक राहते आणि त्यापलीकडे एक रेषाही दुखावलेली नसते.

पुढचा भाग मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाचा वाटतो, आणि घाईत तोच टाळला जातो. भोक भरायचे कशाने? काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल ही एका रात्रीच्या प्रयोगापुरती तोड आहे. प्रयोग दारात उभा असताना मी तिला नावे ठेवणार नाही. भुसा आणि झटपट चिकटणारा डिंक मात्र नकोच. तो काचेसारखा कडक होतो आणि आट्यांखाली चुरा होऊन पडतो. बाजारातली गोल काठी कापून खुंटी मारणे त्याहून बरे. पण तिच्यातही एक दोष आहे. काठीच्या रेषा लांबीत जातात, म्हणजे स्क्रू तिच्या तोंडाच्या बाजूने, रेषांच्या दिशेने शिरतो. आटे रेषांना आडवे कापण्याऐवजी त्यांच्यामधून वाट काढतात आणि पकड कमी होते. चांगला सुतार त्याच जातीच्या लाकडाची खुंटी फळीच्या अंगातून आडवी काढतो, म्हणजे खुंटीच्या रेषा फळीच्या रेषांना समांतर बसतात. सागाला साग, ओकला ओक. मग खुंटी आणि फळी पावसाळ्या-उन्हाळ्यात बरोबरीने फुगतात, बरोबरीने आक्रसतात, आणि सांधा उकलत नाही.

चिकटवायला मी सरसाचा आग्रह धरतो. सरस गरम पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून साठ अंशांच्या आसपास पातळ करायचा, उकळू द्यायचा नाही. ओल आणि उष्णता मिळाली की सरसाचा सांधा पुन्हा सुटतो, आणि जुन्या सरसावर नवा सरस धरतो. फेव्हिकॉलचा सांधा मजबूत असतो, पण तो उकलताना लाकूड सोबत येते आणि त्याच्या जुन्या थरावर नवे काही नीट चिकटत नाही. वाद्य आपल्यानंतर आणखी कुणीतरी उघडणार आहे. एस्टीच्या कारागिरांनी शतकापूर्वी ते आपल्याला उघडता येईल असे करून ठेवले, म्हणून तर आज आपण त्यात हात घालू शकतो.

खुंटी रात्रभर वाळू द्यावी, पटाशीने पृष्ठभागाबरोबर छिलावी, आणि बिजागरी जागेवर धरून तिच्या भोकातून टोच्याने मध्य टिपावा. मग आटे सोडून उरणाऱ्या गाभ्याच्या मापाचे भोक पाडावे. सहा नंबरसाठी सागात अडीच ते पावणेतीन मिलिमीटर. पितळी स्क्रू बसवायचा असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून आटे पाडून घ्यावेत, तो काढावा आणि मग पितळी घालावा. आट्यांना मधमाशीचे मेण चोळावे. साबण चोळण्याची रीत जुनी आहे, पण साबण ओल ओढतो. शेवटचे फेरे हातानेच द्यावेत. खाचेत बरोबर भरणारे पाते असलेला स्क्रूड्रायव्हर हाताला सांगतो की आता थांब. यंत्र ते सांगत नाही.

सर्वांत नाजूक जागा रीड बसवलेल्या पाटीची. तिथे दोन रीडांमध्ये लाकडाची अरुंद भिंत असते आणि खाली हवेचे घर. नळी फिरवायला जागाच नसते. अशा ठिकाणी तुकड्याभोवती अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या बिटाने बारीक छिद्रांची माळ पाडून, घड्याळजीच्या चिमट्याने तुकडा फिरवून घ्यावा लागतो. यात एक छिद्र तिरपे गेले तरी दोन सुरांमध्ये हवा गळू लागते आणि एक पट्टी दाबली की शेजारचा सूर कण्हतो. हाताची खात्री नसेल तर पाटीला हात लावू नये. बाहेरच्या चौकटीत, जिथे स्क्रूची जागा थोडी सरकली तरी बिघडत नाही, तिथे तुकडा आत तसाच ठेवून बाजूला नवे भोक पाडण्यालाही माझी हरकत नाही. प्रत्येक तुकडा काढलाच पाहिजे असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. लाकूड वाचणे महत्त्वाचे. फक्त आत तुकडा आहे अशी पेन्सिलीची खूण शेजारी करून ठेवावी, पुढच्या माणसाचा बिट वाचेल.

हे काम कोण करील, असा प्रश्न राहतो. नव्या परदेशी ऑर्गनची आवक केव्हाच थांबली आहे. सुटे भाग येत नाहीत. जे वाद्य उभे आहे तेच जपायचे आहे. सूर लावणारे कारागीर वेगळे, सुतार वेगळे. सूर लावणारा लाकडात उतरत नाही आणि दारे-खिडक्या करणारा सुतार रीडजवळ यायला भितो. या दोघांच्या मधली जागा रिकामी आहे, आणि तुटका स्क्रू नेमका त्या जागेत सापडतो. भंडारा जिल्ह्यात चांगले सुतार आहेत. साग आहे, पितळ आहे, पळसाची लाख आहे. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये सुतारकामाच्या मुलांना एखाद्या मोडक्या पेटीवर हे काम शिकवायला चार दिवस पुरतील; लागणारे हत्यार म्हणजे एक नळी आणि एक तिकोनी कानस.

नाटक कंपन्यांना आणि भजनी मंडळांना माझी विनंती आहे. दिवाळीच्या तोंडावर, पहिली तारीख आठवड्यावर आल्यावर वाद्य उघडू नका. हंगाम संपल्यावर, पावसाळ्यापूर्वी ते उघडा. प्रत्येक स्क्रू हाताने तपासा. सैल असेल तर आवळत सुटू नका. काढा, भोक पाहा, लागली तर खुंटी घाला. गंजलेला असेल तर मोडण्याआधी बदला. वाद्य कोरड्या खोलीत, जमिनीपासून उंचावर आणि गोठ्यापासून दूर ठेवा. आणि एवढे करूनही स्क्रू मोडलाच, तर डोके फेकू नका, खिळा ठोकू नका, रॉकेल ओतू नका. तुटलेले डोके चिकटपट्टीने झाकणाच्या आतल्या बाजूला लावून ठेवा आणि जाणत्या हाताची वाट पाहा.